नवा गेम: गरम पोहे की दुसऱ्या दिवशीची पुरणपोळी?

रात्रपाळी

मंडळी, एक प्रश्न पडलाय आणि तो घरात कुणाला विचारण्यासारखा नाही.

गेल्या महिन्यात आयुष्यात पहिल्यांदा एक गेम निघाला त्याच दिवशी विकत घेतला. मोठा, महागडा, आधी कन्सोलवर (प्लेस्टेशनसारख्या खेळाच्या यंत्रावर) गाजलेला आणि आता पीसीवर आलेला. नाव सांगत नाही. सांगितलं की धागा त्याच्या चाहत्यांच्या ताब्यात जाईल. साडेतीन हजारांच्या आसपास गेले. डाउनलोड लावून ऑफिसला गेलो, रात्री मुलगी झोपल्यावर साडेदहाला माळ्यावरच्या खोलीत येऊन बसलो. इंदुरात रामबागेतलं जुनं घर आहे, वर फक्त मी, पीसी आणि दिवाळीचे आकाशकंदील असतो.

गेम उघडला. पडद्यावर एक पट्टी. 'शेडर तयार होत आहेत, ३ टक्के.'

बाबा पाणी प्यायला उठले होते, ते जिना चढून मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, "रिटर्न भरतोयस का?"

पट्टी शंभरावर पोचायला अडतीस मिनिटं लागली. मग सुरू झाला तो असा, की सरळ चाललं तर छान, कोपरा वळला की हिसका. दार उघडलं की हिसका. अनंत चतुर्दशीच्या झांकीतले (चित्ररथातले) पुतळे कसे टकटक थांबत मान वळवतात, अगदी तसा आमचा नायक चालत होता. पुढचा तास सेटिंग्जमध्ये गेला: सावल्या कमी, गवत कमी, पाण्यातली प्रतिबिंबं बंद. पैसे परत मागावेत हा विचार आला तेव्हा घड्याळात दोन तास नऊ मिनिटं झाली होती. स्टीमवर (गेम विकणारं ऑनलाइन दुकान) खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि खेळणं दोन तासांच्या आत असेल तर पैसे विनातक्रार परत मिळतात. ती पट्टीची अडतीस मिनिटंही 'खेळणं' म्हणूनच मोजली जातात हे मला त्या रात्री कळलं.

त्यानंतर रागारागात सवलतीत 'घोस्ट ऑफ त्सुशिमा' घेतला. मूळ २०२०चा, पीसीवर मे २०२४मध्ये आला. त्याच मशीनवर लोण्यासारखा चालतो. गवतातून घोडा पळतो तेव्हा मी खुर्चीत नुसता बसून बघतो, लढाई विसरून.

तर माझं मत असं झालंय की नवे गेम ही पुरणपोळी आहे. पहिल्या दिवशी गडबडीत तव्यावरून ताटात, जीभ भाजते, पुरण बाहेर येतं. दुसऱ्या दिवशी गार, दुधाबरोबर, तीच खरी. पण आपण तिला पोह्यासारखं वागवतो, गरम नाही मिळाली तर खायची कशाला!

तुम्ही पहिल्या दिवशी घेता की थांबता? आणि थांबत असाल तर किती?

(मशीन: बारावी पिढी आय-फाइव्ह, ३०६० टाय, ८ जीबीवालं ग्राफिक्स कार्ड, १०८० पी मॉनिटर.)

सेव_जास्त

पहिला! रुमाल टाकून ठेवतो, जेवून येतो.

जुनाटराव

धागाकर्ते, दुखणं आजचं नाही हो. २०१२मध्ये 'डार्क सोल्स' पीसीवर आला तेव्हा मॉनिटर कितीही मोठा असो, चित्र आतल्या आत १०२४ बाय ७२०चंच बनायचं आणि मग ताणून दाखवायचे. निघाल्यावर लगेच एका चाहत्याने घरबसल्या छोटी फाइल लिहून ते कुलूप काढलं. कंपनीने नाही, चाहत्याने!

२०१५च्या जूनमध्ये 'बॅटमॅन: अर्कम नाइट'ची पीसी आवृत्ती तर दुसऱ्याच दिवशी विक्रीतून काढून घ्यावी लागली. परत आली ती ऑक्टोबरच्या शेवटी. मी तेव्हा भरल्या पावसात चार महिने वाट बघितली, म्हणजे माझी पुरणपोळी चातुर्मासात शिजली असं म्हणा.

त्यामुळे 'हल्लीच बिघडलंय' हे मान्य नाही. बिघडलेलंच होतं, फक्त तेव्हा वय कमी होतं म्हणून चालून जायचं.

तिरपी_फ्रेम

दिवसभर हेच काम करते (गेमचं नाही, पण ग्राफिक्सचंच), म्हणून पट्टीबद्दल लिहिते.

शेडर म्हणजे पडद्यावरची प्रत्येक गोष्ट कशी दिसावी याच्या छोट्या छोट्या सूचना: ओला दगड कसा चमकेल, कातडं कसं दिसेल. या सूचना तुमच्या कार्डाला समजतील अशा भाषेत उतरवाव्या लागतात. कन्सोल म्हणजे शाळेचा गणवेश. सगळ्यांचं माप एकच, कारखान्यात आधीच शिवून ठेवता येतो. पीसी म्हणजे शिंपी. प्रत्येकाचं कार्ड वेगळं, ते चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, वेगळा, त्यामुळे माप घेऊन तुमच्या घरीच शिवावं लागतं. ती पट्टी म्हणजे शिंपी बसलाय. ड्रायव्हर बदललात तर पुन्हा माप.

ज्या गेममध्ये पट्टी नसते तिथे काय होतं? तुम्ही लग्नाला निघालात आणि शिंपी रस्त्यात चालता चालता बाही जोडतोय. तोच तुमचा हिसका. म्हणून मी पट्टीला शिव्या देत नाही, पट्टी नसलेल्या गेमला देते.

दार उघडल्यावरचा हिसका मात्र बहुतेक वेगळा. तिथे पुढची खोली डिस्कवरून आत ओढली जात असते. 'प्लेस्टेशन ५'मध्ये हा दाबून बांधलेला माहितीचा गठ्ठा उलगडायला वेगळं यंत्रच बसवलंय. पीसीवर ते काम बरेचदा प्रोसेसरच्या डोक्यावर येतं. शिवाय प्लेस्टेशनमध्ये १६ जीबी मेमरी प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघांत मिळून आहे. त्या हिशेबाने कापलेलं चित्र तुमच्या ८ जीबीच्या कार्डात कोंबलं तर बटणं तुटणारच. टेक्स्चर, म्हणजे वस्तूंवर चिकटवलेली चित्रं, 'हाय'वरून 'मीडियम' करा. सावल्या कमी करून मेमरी फार वाचत नाही, उगाच नायकाला उन्हात उभा केलात.

रात्रपाळी

@तिरपी_फ्रेम, आता कळलं. म्हणजे मी तासभर चुकीचे खिसे कापत बसलो होतो.

सेव_जास्त

जेवून आलो. शिंपी ऐकून एक आठवलं. आमच्या लोकमान्य नगरातले एक काका दरवेळी विचारतात, "तुझा गेम झाला का सुरू?" मी सांगतो, "नाही, अजून डाउनलोड होतोय." त्यांना वाटतं डाउनलोड हेच गेमचं नाव आहे. परवा आईला म्हणाले, "पोरगा डाउनलोड फार खेळतो."

गोत्रीकर

बडोद्याहून राम राम. मी पोहे पक्षात.

'बॉल्डर्स गेट ३' ऑगस्ट २०२३मध्ये आला तेव्हा आम्ही चौघं मित्र चार शहरांतून रोज रात्री बसायचो. कुणालाच काही माहीत नाही. एकाने दुकानदाराच्या पेटीला हात लावला आणि अख्खं गाव अंगावर आलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात तोच विषय. आता तोच गेम एकट्याने खेळायला घेतलात तर नेटवर सगळं लिहून ठेवलंय: कुठल्या दारामागे कोण, कुणाशी काय बोललं की काय होतं. गेम सुरळीत चालेल हो, पण गप्पा मारायला कोण उरणार?

आणि ४ सप्टेंबर २०२५ची रात्र आठवा. 'सिल्कसाँग' निघाला आणि सगळी ऑनलाइन दुकानं एकदम बसली. पैसे घेऊन लोक उभे आणि काउंटर बंद. मी पाऊण तास तेच बटण दाबत होतो. सात वर्षं ज्याची वाट बघितली, तो वर्षभर आणखी गार करून खायचा? नवरात्रीचा गरबा दिवाळीनंतर खेळतात का?

जुनाटराव

@गोत्रीकर, 'सिल्कसाँग'चं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं बघा. तीन-चार माणसांनी सावकाश, हातानं काढलेला गेम, साध्या लॅपटॉपवरही चालतो. तो पहिल्याच दिवशी पुरणपोळी म्हणून आला. कारण ती त्यांच्याच घरात सात वर्षं गार होत होती.

गोत्रीकर

हा मुद्दा मान्य. पण तुम्ही गरब्याला उत्तर दिलं नाहीत.

पत्रकार_नगरचा_पिंट्या

भिया लोक, मी उलटं सांगून राहिलोय. थांबण्याचाही तोटा असतो. माझ्याकडे १६६० कार्ड. चार वर्षं निष्ठेनं थांबलो, सगळं सवलतीत घेतलं, सगळं चाललं. मग 'इंडियाना जोन्स' आला डिसेंबर २०२४मध्ये. त्याला रे ट्रेसिंगवालं (प्रकाशाचे किरण मोजून उजेड-सावली काढणारं) कार्डच पाहिजे, कमीत कमी २०६० सुपर. 'डूम: द डार्क एजेस'चं पण तेच. सेटिंग कमी करा वगैरे भानगडच नाही, दारातूनच परत. आता मी कितीही थांबलो तरी ती पुरणपोळी माझ्या ताटात येणार नाही, ताटच बदलायला पाहिजे.

पंखा_फुल

या धाग्यावर एक कबुली देतो. नाव वाचून हसू नका.

गेल्या वर्षी एप्रिल-मेत मी एका गेमला दोन महिने शिव्या घातल्या. परीक्षण लिहिलं, 'भिकार पोर्ट' म्हणून (पोर्ट म्हणजे कन्सोलवरून पीसीवर आणलेली आवृत्ती). खोली वरची, पत्र्याखाली. इंदुरातला मे म्हणजे बाहेर बेचाळीस, आत किती ते विचारू नका. वीस मिनिटं बरं चालायचं आणि मग कासव. शेवटी एका मित्राने येऊन पीसीचा डबा उघडला. आत इतकी धूळ की त्यात गराडूचे कंद लावता आले असते. साफ केली, प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी पेस्ट बदलली, निम्मा त्रास गेला.

उरलेला निम्मा पुढे कळला. मशीन बांधून देणाऱ्याने (इथलाच एक दुकानदार, जाऊ द्या) १६ जीबीची रॅम एकाच पट्टीत लावली होती. आठ-आठच्या दोन पट्ट्या असल्या तर प्रोसेसरला मेमरीकडे जायला दोन रस्ते मिळतात. माझ्याकडे एकच. म्हणजे राजवाड्याकडे जाणारी सगळी गर्दी एका गल्लीतून. दुसरी पट्टी आणून लावली आणि तोच 'भिकार पोर्ट' असा चालायला लागला की मला परीक्षण काढून टाकावं लागलं.

म्हणून म्हणतो, आधी आपलं अंगण झाडा. पोर्ट वाकडं असेलही, पण खात्री करा.

नुसती_वाचक

खूप दिवसांनी पूर्ण धागा वाचला. चालू द्या.

शेतकरीण_काकू

मी वयाने सगळ्यांत मोठी दिसते इथे, ६१. भाच्याने लॅपटॉपवर 'स्टारड्यू व्हॅली' टाकून दिला होता, गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा. वेळ जावा म्हणून. आता गुडघा बरा आहे, पण शेत सोडवत नाही.

तो गेम म्हणे २०१६चा आहे आणि एका माणसाने एकट्याने केला. मला तुमचे शेडर, फ्रेम काही कळत नाही. आमच्याकडे कधी काही अडकलं नाही. कोंबड्या वेळेवर उठतात. माझा प्रश्न एवढाच की तुम्ही साडेतीन हजार देता आणि मग पाण्यातली प्रतिबिंबं बंद करता, तर ती प्रतिबिंबं कुणासाठी केली होती?

सेव_जास्त

काकूंना साष्टांग नमस्कार. धागा इथेच संपवा.

मुठेकाठ

पुण्याहून एक निरीक्षण. इंदूरकर कुठलाही विषय चार प्रतिसादांत पोह्यांवर आणतात. इथे तर शीर्षकातच आणला. बाकी पोह्यांवर शेव आणि शेजारी जिलबी हा प्रकार मला अजून झेपलेला नाही.

पत्रकार_नगरचा_पिंट्या

झेपायला काय, ते काय रे ट्रेसिंग आहे? वाफेवरचे पोहे, वरून जिरावन मसाला, शेव, कांदा, आणि गरम जिलबी. तुमचं ताट जुनं असेल.

मुठेकाठ

जिरावन घरी पाठवा, ड्रायव्हर अपडेट करून बघतो.

तिरपी_फ्रेम

विषयावर या लोकहो. एक राहिलं. कुणी धागाकर्त्यांना 'फ्रेम जनरेशन चालू करा' असं सांगण्याआधीच लिहिते: त्याने हिसके जात नाहीत. दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये एक बनवलेलं चित्र घालतात. मुळात सेकंदाला साठच्या आसपास खऱ्या फ्रेम (चित्रं) असतील तर नव्वद-शंभर दिसतात आणि बरं वाटतं. तीस असतील तर बटण दाबल्यापासून हात हलेपर्यंतचा उशीर तसाच राहतो, किंबहुना थोडा वाढतो. दुधात पाणी घालून भांडं भरतं, साय येत नाही.

आकडाही सरासरीचा बघू नका. ६० फ्रेम म्हणजे दर चित्राला साधारण १६.७ मिलिसेकंद. सेकंदातली ५९ चित्रं वेळेत आली आणि एक दोनशे मिलिसेकंदांनी आलं, तरी कोपऱ्यातला आकडा पन्नासच्या वरच राहतो. डोळ्याला मात्र ते एकच दिसतं.

गोत्रीकर

@तिरपी_फ्रेम, इथे मतभेद. माझ्या ४०६० कार्डावर फ्रेम जनरेशन चालू करून मी सगळं खेळतो आणि मला उशीर जाणवत नाही. प्रयोगशाळेत जाणवत असेल.

तिरपी_फ्रेम

कंट्रोलरवर खेळता की माउसवर?

गोत्रीकर

कंट्रोलर.

तिरपी_फ्रेम

म्हणून. माउसवर मान वळवून बघा एकदा, मग बोलू.

जुनाटराव

पैशाचं कुणी बोललंच नाही. माझ्या मते खरा मुद्दा तो. मोठे गेम तीन हजार, चार हजार, त्याच्याही वर निघालेत. वर्षभराने अर्ध्यात, कधी पाव किमतीत. 'सायबरपंक २०७७' डिसेंबर २०२०मध्ये आला तेव्हा 'प्लेस्टेशन'च्या दुकानातून आठवड्याभरात काढला होता. ज्याने पूर्ण पैसे मोजले त्याने खरं तर चाचणी करून दिली, फुकट. सप्टेंबर २०२३ला २.० अपडेट आलं, कौशल्यांची सगळी रचना बदलली, पोलिसांचा पाठलाग पहिल्यांदा पाठलागासारखा झाला. मी तेव्हा घेतला. कमी पैशात आणि वेगळाच गेम! पहिल्या दिवशीवाल्यांचे मी मनापासून आभार मानतो, त्यांच्या जिवावर आमची पंगत उठते.

पंखा_फुल

पण सगळेच थांबले तर पंगत वाढणार कोण? दहा माणसांच्या छोट्या स्टुडिओला पहिल्या आठवड्यातली विक्रीच तारते. मी नियम केलाय: छोट्यांचा पहिल्या दिवशी, मोठ्यांचा थांबून. पुण्याच्या मंडळींनी केलेला 'राजी' मी २०२०मध्ये आला तेव्हाच घेतला होता. लढाई थोडी अडखळते, पण भिंतींवरची चित्रं आणि बाहुल्यांच्या सावल्यांतून सांगितलेली गोष्ट, ती बघताना वाटलं की आपल्या आजीच्या गोष्टींनाही कुणीतरी शेडर लिहिले.

मुठेकाठ

पुण्याचं नाव आलं, आता मी झोपायला मोकळा.

रात्रपाळी

तीन आठवड्यांनी परत आलोय, हिशेब द्यायला.

टेक्स्चर 'मीडियम' केलं. मधल्या काळात त्या अनाम गेमचे दोन अपडेट आले. दुसऱ्यानंतर पट्टी पुन्हा धावली, पण या वेळी मी बाबांना खुर्ची दिली आणि आम्ही दोघांनी मॅच बघितली. कोपऱ्यावरचे हिसके जवळजवळ गेले. दारांचे आहेत, पण मी दारं हळू उघडायला शिकलोय. गंमत म्हणजे गेम चांगला आहे. फार चांगला आहे. आठव्या तासाला एक प्रसंग येतो, म्हातारा माणूस रिकाम्या घरात चहाचे दोन कप मांडतो, मग एक उचलून ठेवतो. तो मला नाव न सांगता कुणाला सांगता येत नाही, आणि इथे तर नाव न सांगायची शपथ घेऊन बसलो. म्हणजे @गोत्रीकर, तुमचा गप्पांचा मुद्दा मला माझ्याच अटीत सापडला.

'त्सुशिमा' दरम्यान संपवला. तो सुरळीत होता, सुंदर होता, आणि त्याबद्दल बोलायला ऑफिसात खरंच कुणी नव्हतं. सगळ्यांचा कधीच झालाय. "हो रे, छान आहे" एवढंच.

म्हणून माझं पुरणपोळीवालं मत मी अर्धं मागे घेतो. एकट्याने खायचा गेम थांबून. चौघांत खायचा असेल तर भाजली जीभ तरी चालेल, फक्त पहिल्या दीड तासात नीट बघायचं आणि घड्याळावर डोळा ठेवायचा. पट्टी धरून.

गोत्रीकर

गरब्याचं उत्तर मिळालं. धन्यवाद.

शेतकरीण_काकू

तो चहाच्या कपाचा गेम माझ्या लॅपटॉपवर चालेल का?

तिरपी_फ्रेम

नाही काकू. पण तुम्ही रात्रपाळीच्या माळ्यावर जाऊन बघू शकता, बाबांची खुर्ची आहे.

नुसती_वाचक

एक शंका, पंखा_फुल यांच्या प्रतिसादावरून. रॅम एका पट्टीत आहे की दोन, हे डबा न उघडता कसं बघायचं? मीही वर्षभर एका गेमला नावं ठेवतेय.

पंखा_फुल

टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा, खाली उजवीकडे किती स्लॉट वापरलेत ते लिहिलेलं असतं.

नुसती_वाचक

चारपैकी एक.

पंखा_फुल

बसा.

सेव_जास्त

परीक्षण लिहिलं होतं का?

नुसती_वाचक

दोन.